चौथ्या वळणावरचा पिवळा झेंडा

"पण मी कुणाला धक्का तरी लावला का, ताई?"

शरयूताई सबनीस झेंड्यांच्या काठ्या एकत्र करून सुतळीनं बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही."

"माझी गाडी ट्रॅकबाहेर गेली?"

"नाही."

"मग माझी शर्यत बाद कशासाठी?"

"झेंडा पिवळा होता."

एवढं बोलून त्यांनी सुतळीला गाठ मारली आणि दुसरी जुडी बांधायला घेतली.

अभिनंदन मगदूम हेल्मेट काखेत धरून तसाच उभा राहिला. शर्यतीचा जाड पोशाख त्यानं कमरेपर्यंत उतरवला होता, बाह्यांची कमरेला गाठ मारली होती. आतला बनियन घामानं अंगाला चिकटला होता. थोड्या वेळापूर्वी याच बनियनवर चार लोकांनी थापा मारल्या होत्या. कुणी पाण्याची बाटली दिली होती, कुणी फोटो काढला होता. आणि मग स्पीकरवरून निकाल सांगितला गेला. पहिलं नाव यज्ञेश पाटणकरचं आलं. अभिनंदनचं नाव दुसरंही नव्हतं आणि तिसरंही नव्हतं.

चौथ्या वळणावरच्या मार्शलच्या नोंदीवरून बाद, असं कारण सांगण्यात आलं.

चौथ्या वळणावर शर्यतीवर लक्ष ठेवणाऱ्या मार्शल होत्या शरयूताई. आणि शरयूताई त्याच्या गुरू होत्या.

अभिनंदन इचलकरंजीचा. घरचा सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना. वय चाळिशीच्या आसपास. वर्षातून दोन-तीन वेळा शनिवार-रविवार गाठून तो माणदेशातल्या या माळावर यायचा. इथं जुनी, बंद पडलेली विमानाची धावपट्टी होती. तिला वळणं जोडून एका क्लबनं ट्रॅक केला होता. येणारे सगळे हौशी. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी वकील, कुणाचं गॅरेज. अभिनंदनची गाडीही साधी, वापरून जुनी झालेली हॅचबॅक. मागची सीट काढून आत लोखंडी पिंजरा बसवलेला, एवढाच फरक. बक्षीस म्हणजे एक कप, टाळ्या आणि संध्याकाळचं एकत्र जेवण.

पण तो कप अभिनंदनला कधी मिळाला नव्हता. दर वेळी पाटणकर पुढं असायचा आणि याला त्याच्या गाडीची मागची काच तेवढी दिसायची. ती काच त्याला घरी, जेवताना, कारखान्यात बोलतानाही दिसायला लागली होती.

शरयूताई सत्तरीच्या घरात. एके काळी रॅलीत गाडी चालवायच्या. आता सांगलीत ड्रायव्हिंग स्कूल चालवत. बायकांना, रिटायर झालेल्या मास्तरांना क्लच सोडायला शिकवत. क्लबच्या शर्यतींना त्या न चुकता यायच्या आणि चौथ्या वळणावर उन्हात उभ्या राहायच्या. कुणी खुर्ची आणून दिली तर तिच्यावर पाण्याची बाटली ठेवायच्या.

शनिवारी सरावाला अभिनंदननं त्यांना गाडीत शेजारी बसायची गळ घातली होती. त्या बसल्या. बऱ्याच फेऱ्या काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "कुठं बघतोस?"

"रस्त्याकडं."

"बोनेटकडं बघतोस. वळणाच्या पलीकडं बघ. नजर जिथं जाईल तिथं गाडी येते."

त्यानं तसं केलं. पहिल्यांदा ब्रेकवर पाय गेला, कारण समोरचा रस्ता सोडून भलतीकडं बघत गाडी घालायची होती. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी गाडी आपसूक वळली. स्टीअरिंगशी झटापट करावी लागली नाही. संध्याकाळपर्यंत त्याचा वेग पाटणकरच्या बरोबरीला आला. एवढ्या वर्षांत जे जमलं नाही ते एका वाक्यानं जमलं, म्हणून तो खाली उतरून ताईंच्या पाया पडला होता.

रविवारी शर्यतीत तो सुरुवातीपासून पाटणकरच्या मागं चिकटून होता. शेवटून दुसऱ्या फेरीत चौथं वळण आलं. पाटणकरची गाडी अचानक मंदावली. का मंदावली, याचा अभिनंदननं विचार केला नाही. आतल्या बाजूला जागा दिसली, त्यानं नजर वळणाच्या पलीकडं लावली, गाडी आत घातली आणि पुढं निघून गेला.

एक लाल गाडी घसरून बाहेरच्या कडेला आडवी झाली होती. ती त्याला ओझरती दिसली. धोका आहे, सावकाश चला, कुणाला ओलांडू नका, असं सांगणारा पिवळा झेंडा मात्र त्याला दिसला नाही.

तो झेंडा शरयूताईंच्याच हातात होता.

"ताई, मला खरंच झेंडा दिसला नाही," अभिनंदन आता म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतं, वळणाच्या पलीकडं बघ. मी पलीकडं बघत होतो. झेंडा अलीकडं होता."

शरयूताईंचे हात थांबले.

"खरं आहे," त्या म्हणाल्या.

त्या वाद घालतील असं त्याला वाटलं होतं.

"मग चूक तुमचीही आहे."

"असेल."

"मग नोंद मागं घ्या. अजून बक्षिसं वाटली नाहीत. तुम्ही शब्द टाकलात तर कमिटी ऐकेल. सगळे तुम्हाला मानतात."

दुसरी जुडीही बांधून झाली. ती त्यांनी पहिल्या जुडीवर ठेवली.

"ताई..."

"झेंडा पिवळा होता, अभिनंदन."

माळावर वारं सुटलं होतं. तिकडं तंबूपाशी खुर्च्या मांडल्या जात होत्या. स्पीकरवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करून बघत होतं.

"निकमना भेटलास?" शरयूताईंनी विचारलं.

"कोण निकम?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं.

"रस्त्यावर होते ते," त्या म्हणाल्या.

निकम तंबूच्या मागं चहा घेत बसले होते. फलटणचे औषधवाले. शर्यतीच्या दिवशी दुकान भावावर सोडून मार्शल म्हणून उभं राहायला यायचे. त्यांची उजवी बाही कापलेली होती आणि कोपराला पट्टी होती. लाल गाडीतल्या माणसाचा सीटचा पट्टा अडकला होता. त्याला सोडवायला निकम आतल्या कडेकडून रस्ता ओलांडायला निघाले होते. पाटणकरची गाडी मंदावलेली पाहून त्यांनी रस्त्यावर पाय टाकला. त्याच वेळी आतून अभिनंदन आला.

हे निकमनी दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

"मी मागं उडी टाकली, खडीवर पडलो. एवढंच. हाड शाबूत आहे. मला वाटलं, तुम्ही मला बघितलंय, आता बाजूनं काढाल."

न बघता गेलो, हे या माणसाच्या तोंडावर कसं सांगायचं, ते त्याला कळेना.

"बघितलं होतं ना," तो म्हणाला. "अंदाज होता मला. तुमच्या-माझ्यात चांगली जागा होती."

"असेल, असेल," निकम म्हणाले. "पडताना माणसाला काय कळतंय. चहा घेणार?"

"नको."

शरयूताई त्याच्या मागोमाग आल्या होत्या, ते त्याला वळल्यावर दिसलं.

"मघाशी म्हणालास, दिसलं नाही," त्या म्हणाल्या.

"झेंडा नाही दिसला. माणूस दिसला होता."

बोलून गेल्यावर ते वाक्य त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. पण मागं घ्यायला जीभ वळली नाही.

"बरं," शरयूताई म्हणाल्या. "किती जागा होती?"

"भरपूर होती."

"चल, दाखव."

दोघं चालत चौथ्या वळणावर गेले. ट्रॅक रिकामा होता. डांबरावर टायरचे काळे पट्टे उमटले होते, कडेची खडी रस्त्यावर पसरली होती. गाडीतून हे वळण अभिनंदनला कधी एवढं रुंद वाटलं नव्हतं. आणि चालत आल्यावर ते एवढं लांबलचक असेल, असंही वाटलं नव्हतं.

"निकम कुठं होते?"

अभिनंदन कडेला जाऊन उभा राहिला. "इथं."

"नाही."

तो जरा पुढं सरकला. "इथं?"

शरयूताईंनी त्याच्या दंडाला धरलं आणि आणखी दोन पावलं रस्त्यावर आणलं.

"आणि तुझी गाडी?"

अभिनंदननं डांबरावर पाहिलं. आतल्या बाजूनं एकच पट्टा गेला होता. तो त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर होता. तो पट्टा कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. आतून आज दुसरं कुणी गेलंच नव्हतं.



शरयूताईंनी हात पुढं केला. "चावी दे."

"कशाला?"

त्यांनी हात तसाच पुढं ठेवला. त्यानं खिशातून चावी काढून दिली.

"मी येईपर्यंत इथून हलू नकोस," त्या म्हणाल्या आणि गाड्या उभ्या होत्या तिकडं चालू लागल्या. चालताना गुडघ्याचा त्रास जाणवत होता. मध्ये एकदा थांबल्या, पुन्हा चालू लागल्या. लांबूनही त्याला दिसलं, गाडीत बसल्यावर त्यांनी सीट पुढं ओढून घेतली.

मग इंजिन सुरू झालं.

अभिनंदननं ती गाडी इतकी वर्षं आतून ऐकली होती. बाहेरून तिचा आवाज असा येतो, हे त्याला माहीत नव्हतं. गाडी धावपट्टीच्या पार टोकापर्यंत गेली, लहान झाली, वळली. थोडा वेळ नुसता आवाज येत राहिला. मग ती सरळ रस्त्याला लागली आणि मोठी व्हायला लागली.

त्याला आधी वाटलं, ताई दुरूनच वळवतील. मग वाटलं, ब्रेक लावतील. काचेवर ऊन पडलं होतं. आत कोण आहे, ते दिसत नव्हतं. कुणी आहे की नाही, तेही कळत नव्हतं.

मागं सरकावं असं त्याच्या मनात आलं. पाय मात्र हलले नाहीत.

डांबर पायाखाली थरथरलं. आवाज अंगावर आला. कमरेला बांधलेल्या बाह्या वाऱ्यानं बाजूला ओढल्या गेल्या, बारीक खडी नडगीवर आपटली. त्यानं डोळे मिटले होते की उघडे होते, हे त्याला नंतर आठवलं नाही.

भानावर आला तेव्हा गाडी वळणाच्या पलीकडं जाऊन थांबली होती.

तो रस्त्याच्या कडेला खाली बसला. हेल्मेट हातातून सुटून घरंगळत खडीत गेलं. ते उचलायला त्याला सुचलं नाही. निकम कुठल्या अंगावर पडले असतील, तेवढंच तो बघत राहिला. खडीत एका ठिकाणी खळगा पडला होता. तिथं उजव्या कोपरावर येण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

तंबूकडून टाळ्यांचा आवाज आला. स्पीकरवर पाटणकरचं नाव पुकारलं गेलं. अभिनंदननं ते ऐकलं. तिकडं वळून पाहिलं नाही.

शरयूताईंनी गाडी सावकाश मागं घेत त्याच्याजवळ आणली, बंद केली आणि दार धरून उतरल्या. चावी त्याच्या पुढ्यात धरली. त्यानं ती घेतली आणि मूठ मिटून घेतली.

"ताई..."

"बोल."

"मला निकम दिसले नव्हते."

शरयूताई गाडीला टेकून उभ्या राहिल्या.

इंजिन गार होत होतं, त्याचा टिकटिक आवाज येत होता.

"तुम्ही..." अभिनंदन म्हणाला. "तुम्ही फार जोरात आलात."

"हळू आले," शरयूताई म्हणाल्या. "तू उभा होतास ना."