शीव कुठे?

"म्हणजे रेघ आखली त्या दिवशी तुम्ही इथे हजर होता, हे खरं?"

हैबती नाइकाने तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा बुवा देवळाचं अंगण झाडत होते, आणि झाडताना ते कोणाचं ऐकत नसत.

"होतो."

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं?"

"पाहिलं... तुला तहान लागली असेल. चढ मोठा आहे."

"टाकं कुठे आहे तेवढं दाखवा. मी घेतो पाणी."

बुवांनी दाखवलं नाही. खराटा भिंतीला टेकवला, नाइकाचा दंड धरला आणि वीस पावलं चालवत त्याला टाक्याच्या काठावर नेऊन उभं केलं. टाकं नाइकाला मघापासून दिसत होतं.

म्हातारा असाच होता. वाट विचारणाऱ्याला त्याने कधी बोट करून वाट दाखवली नाही. उठायचा आणि बरोबर चालू लागायचा, मग कोसभर असो की चार कोस. म्हणून लोक त्याला वाटाड्याबुवा म्हणत. दोन्ही बाजूंचे लोक म्हणत. दोन्ही बाजूंचं एकमत असलेली तेवढी एकच गोष्ट त्या मुलखात उरली होती.

हे देऊळ होतं दोन डोंगरांमधल्या खिंडीत. जुनं, शंकराचं. गाभारा पलीकडे, नंदी अलीकडे, मधून सरहद्दीची रेघ. जमिनीवर ही रेघ म्हणजे गुडघ्याएवढा एक चुना फासलेला दगड. बाकीची सगळी कागदावर.

चाळीस वर्षांपूर्वी दूरदेशीच्या एका बादशहाने हा मुलूख जिंकला आणि लढाईत मदत केलेल्या दोन सरदारांना वाटून दिला. जिंकणाऱ्याला जिंकलेल्या मुलखाचं काय करावं हे नेहमीच कळतं असं नाही. त्याचे दोन तुकडे करावेत, एवढं मात्र लगेच कळतं. पुढे ती बादशाही बुडाली. तिचं नाणं गेलं, निशाण गेलं, बादशहाचं नावही लोक विसरले. रेघ राहिली. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं स्वतःला अलीकडचे आणि समोरच्यांना पलीकडचे म्हणू लागली, आणि यात चूक कोणाचीच नव्हती.

हैबती खिंडीच्या अलीकडच्या ठाण्याचा नाईक. त्याचा धाकटा भाऊ भिवा त्याच ठाण्यात शिपाई होता. दोन महिन्यांपूर्वी, एका सोमवारी सकाळी, भिवा नंदीच्या शिंगांमधून देवाला पाहायला गेला आणि पलीकडच्या पहारेकऱ्याची गोळी लागून दगडापाशी पडला.

दगडाच्या कुठल्या बाजूला, हे ठरेना. कारण दगड मुळात जागेवर नाही, समोरच्यांनी हलवला आहे, असं दोन्ही सरकारांचं म्हणणं होतं.

साक्षीदार मिळेना म्हणून त्याच्या स्वतःच्याच ठाण्याच्या दप्तरात लिहिलं गेलं : 'घुसखोरी करताना मयत.'

गावच्या चौथऱ्यावर कामी आलेल्यांची नावं कोरलेली होती. भिवाचं कोरलं नाही. त्यांची आई रोज त्या चौथऱ्यावर जाऊन बसायची. तिला वाचता येत नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "भिवाचं नाव आलं का रे?"

नाइकाने पाणी पिऊन तोंड पुसलं.

"बुवा, सरकार म्हणतं साक्षीदार आणा. रेघ आखताना पाहिलेला तुमच्याशिवाय कोणी जिवंत नाही. तुमचा अंगठा मिळाला की भिवाचं नाव चौथऱ्यावर येईल."

"आणि?"

"आणि काय?"

"सरकार एवढ्यावर थांबतं होय?"

नाइकाने क्षणभर नंदीकडे पाहिलं.

"सुगी संपली की फौज येईल. देऊळ ताब्यात घेतील. आपलंच आहे ते."

"किती माणसं?"

"तीनशे."

"चौथरा मोठा आहे तुमचा?" बुवांनी विचारलं.

नाइकाला राग आला; पण काम आपलं होतं. त्याने अंगरख्यातून कागद काढला.

"वाचून दाखव. मला अक्षर येत नाही."

नाईक वाचू लागला. कागद लिहिणारा कसलेला कारकून होता. मेलेला माणूस त्यात कुठेही मेलेला वाटत नव्हता. 'सदर इसम ज्या जागी मयत झाला, ती जागा पूर्वापार रेघेच्या अलीकडे असून, याबाबत आमची पक्की खात्री आहे. सबब साक्षीदाखल अंगठा दिला असे.'

बुवांनी पणतीवर धरून काजळी जमवलेली एक खापरी कोनाड्यातून काढली. तिच्यात अंगठा घोळला. काळा अंगठा वर धरून म्हणाले, "आण."

एवढ्या सहज होईल असं नाइकाला वाटलं नव्हतं. तो कागद सरळ करू लागला. तेवढ्यात त्याला काही सुचलं.

"बुवा, ही काजळी तयार कशी?"

"मागच्या महिन्यात लागली होती. पलीकडचा ठाणेदार आला होता, कागद घेऊन."

"मग?"

"दिला अंगठा."

नाइकाच्या हातातला कागद चुरगळला.

"ज्यांनी माझ्या भावाला मारलं त्यांना? अहो, काय लिहिलं होतं त्यात?"

"हेच. सदर इसम... ती जागा पूर्वापार रेघेच्या अलीकडे असून... पक्की खात्री आहे." बुवा आठवून आठवून म्हणाले. "अक्षरन् अक्षर हेच. त्यांच्या पहारेकऱ्यावर आळ आहे ना, परहद्दीत गोळी घातल्याचा. त्यालाही म्हातारी आई आहे म्हणे."

"त्यांचं अलीकडे म्हणजे आपलं पलीकडे!"

"ते कागदात नव्हतं."

"दोन्ही कागद खरे कसे असतील?"

"खोटा कोणता ते तू सांग. मी अंगठा पुसून टाकतो."

नाईक उठून उभा राहिला. साधूला मारलं तर पाप लागतं, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. किती लागतं ते ठाऊक नव्हतं.

"थट्टा पुरे, बुवा. मला कागदावरचं नको. खरं सांगा. त्या दिवशी रेघ कुठून गेली? देवळातून का गेली? दोन कोस वळसा घालून ती इथे कशाला आली? आमचे मोठे अधिकारी म्हणतात, बादशहाचं फार खोल राजकारण होतं त्यात."

बुवा नंदीच्या चौथऱ्याला टेकून बसले.

"मी गुरं राखायचो," मग ते म्हणाले. "विशीत असेन. खाली माळावर बादशहाचा साहेब आला, तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण लावून. बरोबर दुभाष्या. तो आपल्याकडचा नव्हता, पुस्तकातून बोली शिकलेला. त्याने मला हाक मारली आणि विचारलं, 'शीव कुठे?'"

"शीव? म्हणजे गावाची हद्द?"

"त्याला हद्दच विचारायची होती. मी ऐकलं, शिव कुठे. लिहिताना म्हणे वेलांटीचा फरक असतो. बोलताना तोही नाही."

नाइकाने दोन्ही शब्द ओठांत पुटपुटून पाहिले.

"मला वाटलं, नवा राजा आहे. आल्याआल्या इथल्या देवाला हात जोडायचे असतील. मला बरं वाटलं, नाईक. मी म्हटलं, माणूस चांगला दिसतो. आणि बोट केलं." बुवांनी मान कळसाकडे वळवली. हात मांडीवरच होता. "साहेबाने दुर्बीण फिरवली. कळस बघितला, काहीतरी लिहून घेतलं. जेवायची वेळ झाली होती. गेले."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी दगड आला. मी ओरडत गेलो, चूक झाली म्हणून. दुभाष्या म्हणाला, कागद पुढे गेला."

खिंडीतून वारा आला. पलीकडच्या ठाण्यावर कोणीतरी खोकलं. इतकं ते जवळ होतं.

"तेव्हापासून..." नाईक म्हणाला आणि थांबला. टाक्यापर्यंत धरून नेलेला आपला दंड त्याने नकळत चोळला.

"तेव्हापासून सहा लढाया झाल्या. मी सगळ्या पाहिल्या."

"एका वेलांटीपायी माझा भाऊ मेला?"

"वेलांटीने नाही. गोळीने... लगेच मेला?"

नाइकाने मान वळवून दगडाकडे पाहिलं.

"मी त्या आठवड्यात खाली मेंढरांच्या वाड्यांवर होतो," बुवा म्हणाले. "म्हणून विचारतो. लगेच गेला?"

"नाही."

"मग?"

"दुपारपर्यंत होता."

"बोलत होता?"

"हाका मारत होता."

"कोणाला?"

नाइकाने अंगरख्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"तू कुठे होतास?"

नाइकाने हात केला. ठाण्याची बुटकी दगडी भिंत देवळाच्या अंगणातून लख्ख दिसत होती. तिच्यावर कोणाचं तरी धोतर वाळत होतं.

"किती पावलं?"

"चाळीस." मग खालच्या आवाजात म्हणाला, "बेचाळीस. नंतर मोजली."

"गोळ्या चालू होत्या?"

"एकच झाली होती. त्यांचा पहारेकरीही उभाच होता. बंदूक खाली करून. तो आमच्याकडे बघत होता, आम्ही त्याच्याकडे."

"मग गेला का नाहीस?"

"हुकूम आहे, बुवा. दगडाजवळ लेखी परवानगीवाचून जायचं नाही. गेलो असतो तर सरहद्द मोडली असं झालं असतं. मी लगेच स्वार पाठवला. लगेच! पाणी प्यायलाही थांबू दिलं नाही त्याला."

"आली परवानगी?"

"तिसऱ्या दिवशी."

"बरोबर आली?"

"तीन शिक्के होते." नाईक हे अशा आवाजात म्हणाला, जणू शिक्के मोजायचं त्याच्या कधी मनात नव्हतं, पण ते डोळ्यांपुढून जात नव्हते.

बुवांच्या अंगठ्यावरची काजळी वाळत चालली होती.

"मी तरी काय करणार होतो?" नाइकाचा आवाज चढला. "मध्ये हद्द होती. हद्द म्हणजे हद्द! तुमच्या त्या साहेबाने नसती आखली तर दुसऱ्या कोणी आखली असती. शीव काय पूर्वी नव्हती? गाव तिथे शीव असतेच."

"होती."

"कुठे होती? ती तरी सांगा."

"जागा नव्हती तिला."

"जागा नसलेली शीव कशी असेल?"

"लग्नं व्हायची ना, या गावची त्या गावात," बुवा म्हणाले. "वऱ्हाड यायचं. गावात आपण होऊन शिरायचं नाही, अशी रीत. नवरदेव यायचा आणि थांबायचा. मग मुलीकडचे वाजतगाजत निघायचे, पाय धुवायला पाणी घ्यायचे, नारळ घ्यायचे. जिथे भेट व्हायची तिथे पूजा. ती शीव."

"दरवेळी वेगळी?"

"मुलीचा बाप हौशी असला तर ओढ्यापर्यंत जायचा. माझ्या बहिणीच्या वेळी बापाचे गुडघे धरले होते, तर पिंपळापाशीच झाली. एकदा वऱ्हाडातली म्हातारी दमली आणि रानातच बसली, तर गाव तिथवर गेलं. त्या वर्षी शीव कोसभर पुढे होती. कोणी तक्रार केली नाही."

"आणि कोणी घ्यायला गेलंच नाही तर?"

"तसं कधी झालं नव्हतं. पण नवरदेव उभा राहिला असता. त्याला आत यायचं नव्हतं आणि मागे जायचं नव्हतं."

नाईक हळूहळू खाली बसला. गुडघ्यांवर कागद ठेवून त्याने तो तळहाताने सरळ केला. चुण्या गेल्या नाहीत. 'अलीकडे' हा शब्द नेमका चुणीत गेला होता.

बुवांनी अंगठा पुन्हा खापरीत बुडवला आणि पुढे धरला.

"आण. आई वाट बघत असेल."

नाइकाने कागद पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. समोर चुना फासलेला दगड होता. त्याच्या दोन्ही अंगांना सारखंच गवत उगवलं होतं.

"मी तिला काय सांगू?" त्याचा आवाज आता नाइकाचा नव्हता, घरातल्या थोरल्याचा होता. "ती नाव विचारते. चौथऱ्यावर नाव असो नसो, मला तिला एवढं सांगायचंय... बुवा, तुम्ही कागदासाठी बोलू नका, माझ्यासाठी बोला. आमचा भिवा कुठे मेला? अलीकडे, की पलीकडे?"

बुवांचा काळा अंगठा अजून पुढेच होता.

"तो अजून शिवेवर उभा आहे, नाईक... त्याला घ्यायला कोणी आलेलं नाही."