वाळूवरचा थवा

त्या सरोवरावरच्या हंसांना दरवर्षी बर्फाचे डोंगर ओलांडून जावं लागे, आणि निघण्याआधी काठावर आपसूक उगवणारा रानभात, म्हणजे देवभात, पोटभर खावा लागे. त्या साली देवभात कमी उगवला.

थव्याची जुनी रीत होती. पुढे उडणारा वारा फोडतो, मागचे त्याच्या आडोशाने जातात. पुढचा दमला की तो मागे सरे आणि मागचा पुढे येई. कुणी कुणाला सांगायची गरज पडत नसे. त्यामुळे दाणाही सगळ्यांना सारखाच मिळे.

पण थव्याच्या थोरल्याला धास्ती पडली आणि त्याने पाणकोंबड्याला बोलावलं. हा पाणकोंबडा जन्मात बोरूच्या बेटापलीकडे उडाला नव्हता. मात्र वाळूवर खडे मांडून पुढच्या हंगामाचं भाकीत करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं! सरावाच्या उड्डाणात थवा बरोबर डोक्यावर आला तेव्हा त्याने एकदा वर पाहिलं, आणि जो जिथे दिसला तिथे त्याच्या नावाचा खडा ठेवून दिला.

"पुढचे राबतात, मागचे आयते येतात," तो म्हणाला. "पुढच्यांना दुप्पट दाणा द्या, मागच्यांना निम्मा. आणि शेवटची ओळ पुढच्या हंगामाला उरणारच नाही. मांडणीच सांगते तसं."

खडे इतके देखणे मांडले होते की सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेवटच्या ओळीत चंद्रावळ नावाच्या हंसीचा खडा होता. सकाळपासून वारा फोडून ती जरा मागे सरली होती, आणि नेमकं तेव्हाच पाणकोंबड्याने वर पाहिलं होतं. तिचं पिल्लू त्या वर्षी पहिल्यांदाच डोंगर ओलांडणार होतं.

"अहो, मघापर्यंत पुढे मीच होते ना!" ती म्हणाली.

"मघाचं मांडणीत बसत नाही, बाई."

ती थोरल्याकडे वळली. "दादा, तुम्ही माझ्या पाठीमागेच होतात. सांगा की यांना."

थोरल्याने चोच पंखात खुपसली. ती मागे सरली म्हणूनच तर तो पुढे आला होता, आणि त्याचा खडा आता सगळ्यांच्या पुढे होता. दुप्पट दाणा गिळताना लाज वाटायला हवी होती मेल्याला, पण कसली वाटतेय!

चंद्रावळीने आपला निम्मा दाणा पिल्लाला भरवला आणि थव्याबरोबर निघाली.

ऐन शिखरावर थोरला दमला. रीतीप्रमाणे तो बाजूला झाला आणि त्याने मागे पाहिलं. दुप्पट खाल्लेले मोजकेच होते, तेही धापा टाकत होते. मागच्यांच्या अंगात त्राण नव्हतं. कुणी पुढे येईना, थवा वाऱ्यात भेलकांडू लागला. तेव्हा शेवटच्या ओळीतून चंद्रावळ पुढे आली. पिल्लाला तिने थोरल्याच्या आडोशाला ढकललं आणि एकटीने वारा अंगावर घेतला. पलीकडची हिरवी दरी दिसेपर्यंत तिने पंख थांबवले नाहीत. मग ती बर्फात कोसळली, आणि तिच्या ओळीतले उपाशी सोबतीही एकेक करून तिच्यामागून पडले.

वसंतात थवा परतला. पाणकोंबडा काठावर वाट पाहत होता. त्याने वर पाहिलं, खाली खड्यांकडे पाहिलं आणि आनंदाने पंख फडफडवले.

"बघा! शेवटची ओळ उरणार नाही म्हटलं होतं ना? तंतोतंत!"

थोरल्याने त्याची पाठ थोपटली.

पाणकोंबड्याने त्या ओळीतले खडे चोचीने उचलून एकेक करत पाण्यात टाकले. चंद्रावळीचा खडा बुडाला तिथे पिल्लू बराच वेळ बघत राहिलं. वाळू नीट सारखी करून पाणकोंबडा दोन पावलं मागे सरला आणि मान तिरकी करून त्याने मांडणी न्याहाळली. त्याबरोबर कालपर्यंत मधे असलेल्या हंसांच्या ध्यानात आलं, की आता त्यांच्या खड्यांमागे नुसती वाळू आहे. पाणकोंबड्याने एक लहानसा खडा शोधून आणला, पिल्लाचं नाव विचारलं आणि तो त्यांच्याच ओळीत टोकाला ठेवला.