शेवटच्या घंटीपर्यंत

एकदा एका शिकाऊ समुपदेशिकेच्या लक्षात आलं, की समोर बसलेल्या मुलीनं दप्तर पाठीवरून उतरवलेलंच नाही. एरवी खोलीत पाऊल टाकताच स्नेहल ते धपकन खाली टाकायची. त्या मंगळवारी मात्र ती खुर्चीच्या कडेवर टेकली, निघायच्या तयारीत असल्यासारखी.

त्या शिकाऊ शिष्येला ते खटकलं. पण खटकलेल्या गोष्टीजवळ थांबायचं तिला भय वाटे. समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष, आठवड्यातले दोन दिवस या शाळेत प्रत्यक्ष काम, आणि स्वभाव असा, की दार जरा जोरात लागलं तरी दचकायची. तिनं एकामागून एक पाच प्रश्न विचारले. स्नेहल म्हणाली, "ताई, आजी आता..." आणि थांबली. ती शांतता शिष्येला सोसवेना. आजीची तब्येत बरी आहे ना, असं तिनंच विचारून टाकलं. स्नेहल "हो" म्हणाली आणि घंटा होताच निघून गेली.

त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. बारा दिवस झाले. वर्गशिक्षिका घरी जाऊन आल्या, तर दाराला कुलूप. आजी अंथरुणाला खिळली म्हणून मायलेकी तिच्याकडे राहायला गेल्यात, कुठल्या गावी ते ठाऊक नाही, असं शेजारीण म्हणाली. मग क्लार्ककाकांकडून कळलं, की आईनं कुणाकरवी निरोप धाडलाय, सोमवारी येऊन मुलीचा दाखला काढून नेते. नववीतली पोर, गणितात वर्गात पहिली. असा दाखला एकदा घरातल्या पेटीत पडला, की सहसा दुसऱ्या शाळेचं तोंड पाहत नाही, हे शाळेतल्या शिपायालाही माहीत होतं.

शाळेच्या नोंदीतला नंबर शिष्या रोज संध्याकाळी लावी. साधा फोन होता तो. आई कामाला गेली की मुलीपाशी असायचा. त्यावर आलेला फोन घेता येई, पण रिचार्ज नसल्यानं तिकडून लावता येत नसे. घंटी वाजायची. उचलायचं कुणी नाही.

रविवारी दुपारी ती बाईंकडे गेली. बाई म्हणजे तिच्या मार्गदर्शिका. तीस वर्षं समुपदेशक घडवून आता निवृत्त झालेल्या, पण कॉलेजनं आग्रहानं धरून ठेवलेल्या. तिनं मंगळवारच्या भेटीची शब्दशः नोंद सोबत नेली होती: कागदाच्या डावीकडे आपलं बोलणं, उजवीकडे मुलीचं. बाईंनी ती शांतपणे वाचली आणि घडी घालून ठेवली. मुलं माझ्यापाशी येऊन गप्पच होतात, मला हे काम जमायचं नाही, असं सांगताना शिष्येचे डोळे भरून आले. बाईंनी समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "माझा फोन आत राहिलाय वाटतं. जरा लाव बघू."

तिनं लावला. आतल्या खोलीत घंटी वाजू लागली. बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दाराशी पोचतात न पोचतात, तोच शिष्येनं कॉल बंद केला. बाई परत आल्या, बसल्या. "परत लाव." पुन्हा तेच; या वेळी त्यांनी उंबरा ओलांडला होता. पुन्हा येऊन बसल्या. शिष्येला शंका आली, वयोमानानं बाईंचं काही बिनसलंय की काय. तिसऱ्यांदा मात्र बाई जाता जाता बजावून गेल्या, की मी उचलेपर्यंत ठेवायचा नाही. घंट्या वाजत राहिल्या आणि अखेर कानात आवाज आला, "हं. पोचले बाई एकदाची."

फोन घेऊन त्या बाहेर आल्या. "स्नेहलला लावतेस तेव्हा किती घंट्या वाजू देतेस?"

"चार," शिष्या म्हणाली. "त्यांना त्रास नको म्हणून."

"त्रास त्यांना होत नव्हता. तुला होत होता." बाई हसल्या. "अगं, मी येतच होते. मला उठायचं होतं, उंबरा ओलांडायचा होता. तुला वाटलं, पलीकडे कुणी नाही." त्यांनी कागदाची घडी उलगडून उजव्या बाजूच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "'आजी आता...' इथं ही पोरगी उठून चालायला लागली होती, आणि तू फोन ठेवलास. दुःखी माणसाचा शब्द आतल्या खोलीत असतो. तो बाहेर आणायला त्याला वेळ लागतो. प्रश्न विचारायला पुस्तकं शिकवतात. वाजत राहायला आपलं आपण शिकायचं. मी सात वर्षं असेच फोन ठेवले. तू दुसऱ्याच वर्षी रडलीस, म्हणजे पुढे आहेस."

शिष्येनं तिथंच बसून नंबर लावला. चौथ्या घंटीला अंगठा सवयीनं लाल बटणाकडे गेला. तिनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. सातवी. नववी. समोर बाई गुडघा चोळत होत्या. आपल्यासाठी हे दुखरे गुडघे तीनदा चालून आले, हे तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. बारावी. तेरावी.

खरखर झाली. कुणीतरी धापा टाकत होतं.

"ताई, ठेवू नका. आजीला कुशीवर वळवत होते. रेंज खिडकीतच येते. रोज मी खिडकीपर्यंत येते आणि तुमचा फोन बंद होतो."

पलीकडे शांतता पसरली. शिष्येला पाच प्रश्न सुचले. तिनं एकही विचारला नाही.

"ताई," स्नेहल म्हणाली, "उद्या आई दाखला काढणार आहे. मला नाही काढायचा."