मालदीवच्या पुढचा 'द'

नकाशे हातानं रंगवायचे, त्या काळी इंग्रजीतला 'द' हा चिमुकला शब्द एका नकाशावर जागा शोधत हिंडत होता. शाई वाळायच्या आत एखाद्या देशाच्या नावापुढं उभं राहता आलं नाही, तर चित्रकार त्याला ओल्या फडक्यानं पुसून टाकणार होता.

तो आधी ब्राझीलकडं गेला. "काका, तुमच्यापुढं उभा राहू का?"

"बाळा, एवढा ऐसपैस पसरलोय मी! माझ्यापुढं आणखी कोण कशाला?" ब्राझील हसला.

नेपाळनं मायेनं सांगितलं, "माझ्या अंगणात डोंगरांचीच दाटी रे, तुला कुठं ठेवू?"

हिरमुसून 'द' समुद्रात उतरला, तर तिथं मालदीवच्या बेटांचा नुसता गलका! लाट आली की एक बेट इकडं, एक तिकडं. धाकटं बेट रडत होतं, "मला कुणी धरत का नाही?"

'द' फडक्याचं भय विसरूनच गेला. धावत पुढं होऊन तो ओरडला, "माझ्यामागं या रे सगळे! एकमेकांचे हात सोडू नका!" बेटं त्याच्यामागं बिलगून उभी राहिली, अगदी एका घरची. चित्रकार आला, त्यानं 'द मालदीव्ज' असं जुळलेलं नाव वाचलं आणि फडकं खांद्यावर टाकून निघून गेला.

संध्याकाळी ब्राझीलनं हाक मारली, "अरे, माझ्याकडं ये की! एवढ्या मोठ्या घरात करमत नाही."

"आत्ता नको, काका," 'द' हळूच म्हणाला. "धाकट्यानं माझं बोट धरलंय, आणि त्याचा नुकताच डोळा लागलाय."