कडू तळे

चांद्याकडच्या कोळशाच्या पट्ट्यात एक तळे आहे. पाणी गोड, शिंगाडा भरपूर, आणि नाव मात्र कडू तळे. पाहुणे हसले, की गावातले कवडूबुवा त्यांना काठावर बसवतात आणि सावकाश सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी या तळ्याखाली खाण होती म्हणे. खाणीत झिरपणारे पाणी गंजाच्या चवीचे. ते तोंडात धरवत नसे. एके दिवशी इस्तारी ढिवराला कोळशाच्या भिंतीत एक बारीक धार दिसली. त्याने ओंजळ लावली. पाणी गोड होते! पाताळात गंगा आली म्हणून त्यानेच नारळ फोडला आणि मडके नीट बसावे म्हणून चीरही त्यानेच सब्बलीने रुंद केली.

पाळी संपल्यावर तो घागर भरून घरी गेला. बायको बायजा तळ्यात शिंगाडा लावायची. तिने एक घोट घेतला आणि घागर खाली ठेवली.

"हे आपल्या तळ्याचं पाणी हाये. शिंगाड्याचा वास येते याले."

तळे खाणीत उतरते आहे, हे इस्तारीला उमगले. दुसऱ्या पाळीला त्याचा धाकटा भाऊ लहानू नुकताच खाली उतरला होता. इस्तारीने धावत खाणीच्या तोंडाशी येऊन बायजाचे बोलणे सांगितले, तर मुकादम हसला. "बायकोच्या जिभेवर खाण बंद करू का बे?"

इस्तारी त्याला ढकलून उतारावरून आत शिरला. तळे फुटते आहे म्हटले तर खालचेही असेच हसतील, हे त्याला कळले होते. म्हणून तो ओरडत गेला, "पाणी कडू झालं! इख हाये! पिऊ नका, वर चला!"

जवळचे नऊ जण मडकी टाकून वर पळाले. दूर भिंतीपाशी लहानू होता. त्याचा आवाज आला, हसरा:

"दादा, गोड तर हाये!"

मग आतून वारा आला. दिवे विझले. वाऱ्यामागून पाणी आले.

इस्तारीला त्या नऊ जणांनी ओढून वर काढले, असे सांगतात. वर तळे एका दुपारात रिकामे झाले होते. शिंगाड्याच्या वेली चिखलात पसरल्या होत्या आणि बायजा त्यात गुडघाभर उभी होती. खालचे बावीस जण खालीच राहिले. पुढच्या पावसाळ्यात आधी खाण भरली, मग तळे.

इस्तारीने त्या पाण्याला पुन्हा तोंड लावले नाही. तो काठावर बसून राही आणि पाणी प्यायला येणाऱ्याला हात जोडून म्हणे, "कडू म्हणा, बापा."

आजही इथे पहिली ओंजळ कोणी पीत नाही. ती तळ्यात परत सोडतात आणि पाण्याशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणतात, "कडू आहे." मोठ्याने अशासाठी, की त्या दिवशी लांबच्यांना नीट ऐकू गेले नव्हते.