रेसची वायर का तापली

"बॅटरी नवी. स्टार्टर नवा. आल्टरनेटर परवाच भरून आणलाय. मग गाडी उठत का न्हाई, वस्ताद?"

उमेश गोळेने हे विचारलं ते भर रस्त्यात उभं राहून. कासम वस्तादांच्या दुकानाची पायरी त्याने अजून चढली नव्हती.

घाटाच्या पायथ्याशी गाड्यांच्या वायरिंगची ही दोन दुकानं, तीही समोरासमोर. उमेश शिकला तो वस्तादांच्याच हाताखाली. मग त्याने पलीकडे स्वतःचा बोर्ड लावला, बोर्डावर स्वतःचा फोटो छापला आणि तेव्हापासून त्याला रस्ता ओलांडायची काही गरज वाटली नाही.

आज ओलांडला. इंदूताई ढेबेंची जुनी पिकअप त्याच्या दारात अडून बसली होती आणि मागच्या हौद्यात मधमाश्यांच्या पेट्या होत्या.

इंदूताई पेट्या घेऊन निघाल्या होत्या सूर्यफुलाच्या रानाकडे. माश्या आत असतानाच पहाटे पेट्यांची दारं बंद केलेली. गाडी पळत राहिली की जाळीतून वारा खेळतो. गाडी थांबली की आत भट्टी पेटते. त्यात ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर येऊ लागलेलं.

धक्का मारायला एरवी अर्धी बाजारपेठ धावली असती. पण पेट्यांतली घूं घूं कानावर आली आणि सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली.

"वस्ताद, मघा लई आवाज करत हुत्या," उमेशच्या मागोमाग आलेल्या इंदूताई म्हणाल्या. "आता आवाज बसत चाललाय. गुदमरल्या तर… माझं समदं ह्या गाडीत हाय हो."

बाई डोंगरातली, सहजी रडणारी नव्हे. पण बोलता बोलता तिने पदराने डोळे टिपले.

वस्ताद उठले आणि दोघांबरोबर रस्ता ओलांडून गाडीपाशी आले. हातात ना पकड, ना टेस्टर.

बॉनेट वर गेलं आणि त्यांनी डोळे बारीक केले. आतलं सगळं चांदीच्या रंगाने लखलखत होतं.

"खंडेनवमीला मारला," उमेश म्हणाला. एवढ्या घाईतही आवाजात ऐट होतीच. "पूजेच्या आधी समदं खोललं, घासलं, रंगवलं, परत बसवलं. एक कोपरा सोडला न्हाई."

"आन दुखणं कवापास्नं?"

"त्याच आठवड्यात सुरू झालं. बॅटरी उतरायला लागली. नवी घातली, थोडे दिस बरं. मग चार्जिंग होत न्हाई म्हणून आल्टरनेटर बघितला. मग स्टार्टर…"

"समदं चांगलं हाय."

"मग चालत का न्हाई?"

वस्ताद इंजिनावर वाकले.

मग त्यांनी उमेशचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा रेसच्या वायरीवर ठेवला. पायाखालच्या पेडलपासून इंजिनापर्यंत जाणारी ती बारीक वायर.

"ताई, चावी मारा. मी सांगस्तवर सोडू नका."

खट्ट. दिवे मंदावले. इंजिन जरासं कण्हलं आणि तिथंच अडकलं.

"आई गं!" उमेशने हात झटकला. "भाजलं की, वस्ताद!"

"सोडा, ताई." वस्ताद उमेशकडे वळले. "ह्या वायरीचं काम काय?"

"रेस ओढायचं."

"मग ती तापली कशानं?"

उमेशने भाजलेल्या तळव्याकडे पाहिलं, मग वायरीकडे.

"करंट…" तो हळूच म्हणाला. "स्टार्टरचा करंट हिच्यातनं परत जातोय."

"एवढीशी वायर. तिच्यातनं?"

"दुसरी वाट बंद असंल तर…"

वस्तादांनी नुसतं खाली पाहिलं. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली, करंट परत नेणारी अर्थिंगची जाड पट्टी तिथं होती. जागच्या जागी, नट करकचून आवळलेला.

उमेशनेही पाहिलं. पट्टीखाली चांदीचा रंग. पट्टीवर चांदीचा रंग. लोखंडाला लोखंड कुठंच लागत नव्हतं.

त्याचा चेहरा उतरला. रंगातून करंट जात नाही, हे त्याला याच माणसाने शिकवलं होतं.

तो पाना घेऊन खाली वाकला. नट सोडला, पट्टी काढली आणि पॉलिश पेपरने ती जागा घासायला घेतली. खंडेनवमीला ज्या जिवापाड मायेने रंग चढवला होता, तितक्याच जोराने आता तो उतरवत होता. खालचं काळपट लोखंड दिसलं, तशी त्याने पट्टी परत आवळली.

"मारा, ताई!"

गाडी एका दमात उठली. काळ्या धुराचा एक लोट निघाला आणि डॅशबोर्डावरचा बॅटरीचा लाल दिवा विझला. इतक्या दिवसांत तो कधी पुरता विझला नव्हता.

इंदूताईंनी स्टेअरिंगलाच हात जोडले. मग डोळे पुसून त्या मोठ्याने हसल्या.

"दोघांना मध पाठवते!" म्हणत त्यांनी गिअर टाकला. गाडीने वेग घेतला, हौद्यावरचं ओलं गोणपाट वाऱ्यावर फडफडलं आणि वळण घेताना पेट्यांची ती घूं घूं पुन्हा चांगली खणखणीत ऐकू आली.

उमेशने छाती भरून श्वास घेतला. रस्ता ओलांडून तो वस्तादांच्या पायरीवर जाऊन बसला. भाजलेल्या तळव्यावर फुंकर मारताना त्याला हसू येत होतं. सुटलो बाबा, असं त्याच्या तोंडून निघूनही गेलं.

वस्तादांनी चहा सांगितला.

"वस्ताद," चहा आल्यावर उमेश म्हणाला, "ती गाडी माझ्या दारात सारखी येत हुती. तुमाला हितनं दिसत असंल की."

"दिसत हुती."

"मग मला कवा बोलला का न्हाईत?"

वस्तादांनी चहाचा एक कप त्याच्याकडे सरकवला…

"तू इचारलंस कवा? समोरच तर बसतो मी."