कुलपांची दवंडी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या दारांना कड्या होत्या, पण त्या कुणी लावत नसे. त्या गावात गोंदाजी नावाचा एक दवंडीवाला राहत होता. नदीला पूर येणार असो, जत्रेचा दिवस ठरलेला असो की कुणाचं वासरू हरवलेलं असो, गोंदाजी हलगी वाजवत गल्लीगल्लीतून फिरायचा. तो म्हणाला म्हणजे ते खरंच असणार, असं लोक मानत.

एकदा त्या गावात कुलपांचा व्यापारी आला. बाजारात दिवसभर बसला, पण त्याचं एकही कुलूप विकलं गेलं नाही. बायका कुलूप हातात घेऊन बघायच्या, हसायच्या आणि परत ठेवायच्या. एक म्हातारा म्हणाला, "शेट, आमच्याकडं चोर येत नाही. आला तर जेवून जाईल."

व्यापारी गोंदाजीच्या घरी गेला. वर पाहिलं तर छप्पर ठिकठिकाणी विरलेलं.

"पावसाळ्याआधी तुझं घर नव्यानं शाकारून देतो," तो म्हणाला. "माझ्या कुलपांची दवंडी दे."

"देतो की. पण खोटं नाही बोलणार. गावात चोर आलाय, असं मी म्हणणार नाही."

"खोटं बोलायला कोण सांगतंय? तू नुसता प्रश्न विचार."

व्यापारी गेल्यावर गोंदाजीची बायको सगुणा म्हणाली, "अहो, हे मला बरं वाटत नाही."

"अगं, चोर आहे असं मी म्हणतच नाही."

"तुम्ही म्हणत नाही, पण ऐकू तसंच येतं."

गोंदाजीनं वर छपराकडे पाहिलं आणि हलगी उचलली.

"ऐका हो ऐका! तुम्ही शेतात असताना तुमच्या घरात कोण येतं, ठाऊक आहे का?"

"मांजर!" पारावरून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

पण त्या संध्याकाळी एका बाईनं आपली भांडी मोजली. एक पळी कमी भरली. ती पळी तिनं स्वतःच जावेला दिली होती, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कुलूप घेतलं. तिच्या दाराला कुलूप दिसताच शेजारणीला वाटलं, हिनं माझ्यामुळंच लावलं की काय? मग तिनंही घेतलं. बघता बघता गल्ली कुलपांनी भरली.

गोंदाजीचं घर शाकारून झालं. आता काम संपलं, असं त्याला वाटलं. पण व्यापारी पुन्हा आला.

"बाहेरून लावायची कुलपं झाली. आता आतून लावायचे अडसर विकायचेत. आता अशी दवंडी दे, की माणूस घरात असतानासुद्धा दार लावून बसेल."

गोंदाजीला हे पटलं नाही. पण एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्यांदा नाही म्हणणं त्याला जड गेलं.

"ऐका हो ऐका! ओळखीचा आवाज म्हणजे ओळखीचा माणूसच, असं कुणी सांगितलं?"

या वेळी कुणी हसलं नाही.

गावाची रीत बदलली. विस्तव मागायला कुणी कुणाकडं जाईना. पोरं अंगणातून घरात ओढली गेली. मागून पावलं वाजली की माणसं वळून बघायची. आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की खुद्द गोंदाजीलाही चैन पडेना. घराला कुलूप घालून तो निघायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन ते ओढून बघायचा. ते शब्द आपलेच आहेत, हे त्याला ठाऊक होतं. तरी छातीतली धडधड थांबत नव्हती.

गल्लीच्या टोकाला भागाकाकी नावाची एक म्हातारी एकटीच राहायची. चैत्रातल्या एका दुपारी शेण्या घेऊन येताना तिला ऊन लागलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं पहिलं दार वाजवलं. आतला आवाज एकदम बंद झाला. दुसरं वाजवलं. आतून कुणीतरी अडसर आणखी घट्ट सरकवला. भिंतीला धरत धरत ती गोंदाजीच्या दाराशी आली.

"गोंदा, अरे दार उघड. पाणी दे रे."

सगुणा उठली. गोंदाजीनं तिचा हात धरला. त्याच्या दुसऱ्या हातात काठी होती.

"अहो, काकी आहे!"

"आवाज काकीचा आहे," गोंदाजी दबक्या आवाजात म्हणाला. "बरोबर कोण असेल, काय सांगावं?"

दारावर पुन्हा थाप पडली, पहिल्यापेक्षा हलकी. मग काहीच ऐकू आलं नाही.

सगुणानं हात हिसडून घेतला आणि अडसर काढला. काकी पायरीवर पडली होती. बरोबर कुणी नव्हतं. नुसतं ऊन होतं.

दोघांनी तिला आत आणलं. डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, तोंडात थेंब थेंब पाणी घातलं. उन्हं कलली तेव्हा काकीनं डोळे उघडले. तिनं गोंदाजीकडं पाहिलं आणि विचारलं, "तू घरातच होतास ना रे?"

गोंदाजीनं मान खाली घालून फडकं पुन्हा ओलं केलं.

काकी वाचली, पण त्यानंतर तिनं कुणाचंही दार वाजवलं नाही.

गोंदाजी तडक व्यापाऱ्याकडं गेला. "शेट, तुम्ही गावाचं काय करून ठेवलंत?"

व्यापारी गाडीत सामान भरत होता. "मी कुलपं विकली. बोललास तू," तो म्हणाला आणि पुढच्या गावाला निघून गेला.

मग गोंदाजीनं हलगी घेतली आणि जीव तोडून ओरडला, "ऐका हो ऐका! चोर आलेलाच नाही! कधीच आला नव्हता! दारं उघडा!"

झरोके पटापट मिटले. आतून एक जण दुसऱ्याला म्हणाला, "चोरांनी यालाही फितवलेलं दिसतंय." त्या दिवशी गावात होते नव्हते ते अडसरही लागले.

गोंदाजी पारावर बसून राहिला. दोन दवंड्या दिल्या, तर सगळं गाव घाबरलं होतं. ते निवळायला मात्र दवंडी पुरत नव्हती.

त्यानं हलगी घरी ठेवली. आधी स्वतःच्या दाराचा अडसर काढून टाकला. रोज सकाळी तो काकीकडं पाण्याची घागर घेऊन जाऊ लागला. ती बोलत नसे, तरी जात राहिला. मग एकेका घरापुढं उभा राहायचा. ओरडायचा नाही. साध्या आवाजात सांगायचा, "मी गोंदाजी. मी बोललो ते चुकलं. उन्हात काकी दारोदार पाणी मागत होती आणि मीसुद्धा दार उघडलं नाही." कुणी आतून शिव्या द्यायचं. बरेच जण अडसर नीट लागलाय ना, ते चाचपून बघायचे.

असे कितीतरी दिवस गेले. मग एके सकाळी म्हाताऱ्या कुंभाराचं दार हातभर उघडलं.

"तुझ्याबरोबर कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. एकटाच आहे."

कुंभारानं गल्ली दोन्ही बाजूंनी न्याहाळली. गोंदाजीच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग तो दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "ये. बस."

त्या दिवशी एक दार उघडलं. गावात अजून पुष्कळ दारं होती. गोंदाजी उद्या पुढच्या दाराशी जाणार होता.

तात्पर्य: माल विकण्यासाठी माणसाच्या मनात भीती घालू नये, मग त्यात एक अक्षरही खोटं नसलं तरी. भीती एका हाकेत गावभर पोचते. विश्वास मात्र दारोदार पायी जाऊनच परत आणावा लागतो.